खालची बबी

मित्रांनो, अंगणात खेळताना तुम्ही कधीतरी माझ्यावर उड्या मारल्या असतील. धाड धाड असा आवाज झाला, तो आवडला, म्हणून पुन्हा मारल्या असतील. त्या वेळी एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नसेल. तो आवाज माझा नसतो. तो माझ्याखालच्या पोकळीचा असतो.

मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. यवतमाळात दारव्हा रोडच्या बाजूला पळसबाग नावाचा ले-आऊट, म्हणजे वसाहत आहे, तिथल्या राठोडांच्या अंगणात मी टाक्याचं झाकण होऊन बसलो आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा लोक टाकं भरून घेतात आणि पुढचा नळ येईपर्यंत त्यावरच दिवस काढतात. टाकं म्हणजे जमिनीच्या पोटात बांधलेली एक खोलीच म्हणा ना. तिला खिडकी नाही, दार एकच, आणि ते दार आभाळाकडे उघडतं. ते दार म्हणजे मी.

माझं काम सोपं आहे. वर खेळणारं पोर वर राहावं आणि खालचं पाणी खाली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर हे काम माझ्याकडून काढून घेतलं, तेसुद्धा घर सुंदर दिसावं म्हणून. त्या दुपारी राठोडांच्या बबीचं काय झालं असतं, हे आठवलं की अजून माझ्या कडा गार पडतात. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. पण मला खालचं बोलणं कसं कळतं, ते आधी सांगायला हवं.

मला माझी भट्टी आठवत नाही. माझी पहिली आठवण राजूरकडची आहे. तिथे माळावर कोळशाचा एक जुना खड्डा होता. काम संपल्यावर त्याच्या तोंडावर मला टाकलं, कडेनं काटेरी तार ओढली आणि माणसं निघून गेली. वर बाभळीची सावली आणि खाली नुसता अंधार, असा मी मधे पडून होतो. वारा सुटला की खालून हुंकार यायचा. मैनाबाई नावाची एक म्हातारी त्या माळावर बकऱ्या चारायला यायची, बरोबर तिची नातवंडं असायची. पोरं माझ्या फटीत तोंड घालून ओरडायची आणि खड्डा त्यांना तसंच ओरडून दाखवायचा.

"ए पोट्टेहो! खालून आवाज आला त ओ देऊ नोका," मैनाबाई काठी आपटून म्हणायची.

"काहून वं आजी?"

"काहून म्हंजे? त्याले वाटते तुमी येऊन राह्यले."

पोरं खिदळायची. मी हसलो नाही. रात्रंदिवस पोट त्या पोकळीवर टेकवून मी एक गोष्ट शिकलो होतो. नीट झाकली की पोकळी मुकी होते. जरा फट राहिली की ती बोलते.

पुढे तो खड्डा मातीनं बुजवला आणि मी भंगारात आलो. यवतमाळच्या खेमसिंग फॅब्रिकेशनवाल्यानं मला उचललं. त्यानं मला मापात कापलं, खालून अँगल मारला, एका बाजूला बिजागऱ्या बसवल्या आणि मधोमध एक कडी लावली. शाम राठोड तेव्हा नवीन घर बांधत होता. तो एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे, त्याला लोखंडाची पारख. त्यानं मला बोटानं टकटक करून पाहिलं.

"शामभाऊ, टकटक काय करता? हत्ती आना, उभा करा याच्यावर," खेमसिंग म्हणाला.

हत्ती मिळाला नाही, म्हणून शाम स्वतःच उभा राहिला आणि उड्या मारू लागला. त्याची बायको ममता तेव्हा पोटुशी होती. ती लांबून म्हणाली, "बस झालं. आता एकदा ओढून पहा, वाऱ्यानं उघडते का." त्या वाक्यावरूनच मी तिला ओळखलं.

ममता शिकलेली, बी.एस्सी. झालेली. पण शिक्षणानं तिची काळजी काही कमी झाली नाही, उलट काळजीला नावं मिळाली. गॅसचं बटण बंद केल्यावर ती परत येऊन बघायची. फाटकाची कडी लावून चार पावलं गेली की वळून बघायची. माझ्याजवळून जाताना तर ती न चुकता टाच टेकवून मला दाबून बघायची. मी 'टक्' म्हणायचो, तेव्हा ती पुढे जायची. मित्रांनो, तिचं ते टाच टेकवणं लक्षात ठेवा.

बबी झाली आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. शामची आई चंदाबाई बोरी अरबजवळच्या तांड्यावरून नातीसाठी इकडे राहायला आली. थंडीच्या सकाळी मी उन्हानं तापलो की ती बबीला पायावर घेऊन माझ्यावर बसायची, तेल चोळायची आणि गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, तिच्याशी गप्पा मारायची. माझ्यावर मुगाच्या वड्या वाळल्या, तुरी निवडल्या गेल्या. बबी पहिलं पाऊल टाकून धपकन बसली तीही माझ्यावरच. आलेगेले म्हणायचे, "झाकण मजबूत टाकलं हो." मी उगीचच उन्हात जरा फुगायचो.

नळ आला की मात्र मला उघडावं लागे. शाम कडी धरून मला मागे टाकायचा, ममता बबीला कडेवर घट्ट धरून पाणी किती चढलं ते वाकून पाहायची. अशाच एका सकाळी बबीला अंगणाच्या पलीकडून दादी येताना दिसली आणि ती ओरडली, "दादी, आव!"

गोरबोलीत आव म्हणजे ये.

टाक्यातून लगेच आवाज आला, "आव."

बबी दचकली. मग तिनं खाली पाहिलं. काळ्या पाण्यात एक बाई वाकलेली होती आणि तिच्या कडेवर एक पोरगी होती. बबी हसली, तशी तीही हसली.

"याडी, खाली बबी हाय," ती आईला म्हणाली.

त्या दिवसापासून ती 'खालची बबी' झाली. मला उघडलं की बबी तिला आव म्हणायची आणि खालची बबी हिला आव म्हणायची. बबी तिच्यासाठी बिस्किट मागून ठेवायची. चंदाबाईला हे बिलकूल आवडायचं नाही.

"पान्याले असं नाव देऊ नये, ममता. नाव देलं का ते आपलं होऊन बसते."

"आई, तो प्रतिध्वनी आहे. भिंतीवर आदळून आवाज परत येते, बस. झाकण लावलं का येते का आवाज? नाही येत ना?"

"वर नाही येत," चंदाबाई म्हणायची, आणि पुढचं न बोलता माझ्याकडे बघायची.

तिला कसं कळलं होतं कोण जाणे. कारण मला बंद करून सगळे आत गेले, अंगण शांत झालं, की थोड्या वेळानं माझ्या पोटाला पुन्हा एकदा तो शब्द लागायचा. अगदी हळू. थेंब चिकटावा तसा. वर कोणीही हाक मारलेली नसायची.

मी तो शब्द तिथेच दाबून धरायचो. माझं कामच ते.

अशी वर्षं गेली आणि मला गंज चढला. कडीखालचे पापुद्रे सुटायला लागले, एक कोपरा खाल्ला गेला. माझ्यावर कोणी वड्या घालेना. मी आतून धड होतो, पण दिसायला कळकट झालो होतो. आणि पळसबागेत दिसण्याला फार महत्त्व आहे.

इथलं रहिवासी मंडळ दिवाळीआधी घरोघर तपासणीला येतं. नाली वाहते का, कुंपणाला रंग आहे का, कुठे पाणी साचलंय का, अंगण कसं ठेवलंय, ते बघतात. घर पसंत पडलं की मंडळाचे अध्यक्ष घनश्यामभाऊ स्वतःच्या हातानं फाटकाला झेंडूचं तोरण बांधतात. त्या आधीच्या वर्षी त्यांनी बुटाच्या टोकानं मला ठोकलं होतं आणि म्हणाले होते, "बाकी ठीक आहे हो, पण हे काय? अंगणाची शोभाच घालवली ना या गंजक्यानं." दिवाळीभर आख्ख्या ओळीत तोरण नसलेलं फाटक एकच होतं. येणारी-जाणारी बघायची. कोणीतरी म्हणालंही, तांड्यावरची माणसं, त्यांना काय सवय. ते ममतानं ऐकलं होतं.

म्हणून या वेळी तिनं कंबर कसली. भिंती पुसल्या, नाली घासली, कूलरला चादर गुंडाळली, गेरू लावलेल्या कुंड्या ओळीनं मांडल्या. गच्चीवरची भंगार सायकलसुद्धा कोणाला तरी देऊन टाकली. आणि मग घरात जे जे वेगळं दिसेल, तेही ती आवरायला लागली. चंदाबाईचा आरशांचा घागरा, फेटिया म्हणतात त्याला, वाळत घातला होता. तो तिनं उचलून पेटीत ठेवला.

"आई, मंडळ येईन तेव्हा ती निळी साडी नेसा. आन... जरा मराठीतच बोला. बबी, तू याडी नको म्हणू बरं, मम्मी म्हण."

चंदाबाई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंडळ घर पाहाले येऊन राह्यलं का माही जीभ पाहाले?"

"तसं नाही हो आई."

"मंग कसं? मी कोपऱ्यात बसतो. तोंडाले बी झाकण लावून घेतो, म्हंजे झालं."

ममताचे कान लाल झाले. पेटी मात्र तिनं उघडली नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी शामनं माझ्या बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढल्या. टाकं बांधल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या जागेवरून उठलो. त्यानं मला घासलं, पुसलं आणि रेड ऑक्साइडचा हात दिला, मग वाळल्यावर दुसरा दिला. मला सुकायला कूलरच्या स्टँडमागे भिंतीला टेकवून ठेवलं. टाक्यात कचरा पडू नये म्हणून तोंडावर काहीतरी टाकायला हवं होतं. घरात बबीच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला होता. शामनं तोच अंथरला आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

मी स्टँडच्या फटीतून पाहिलं. टाक्याच्या तोंडावर बबीचा चेहरा पसरला होता, टोपी घातलेला, हसरा, माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. खालून पाण्याचा गारवा लागून तो मधेच फुगायचा आणि मधेच बसायचा. श्वास घेतल्यासारखा.

ममतानं तो पाहिला आणि ती बबीला घेऊन घरात गेली. दाराची वरची कडी लावून घेतली. "आज अंगणात नाही म्हंजे नाही," असं तिनं तीनतीनदा बजावलं. झाकण रात्रीपर्यंत बसेल, मंडळ उद्या येईल, असा हिशेब होता.

दुपारी शामला आगारातून बोलावणं आलं. कळंबच्या वाटेवर गाडी बंद पडली होती. माझा रंग अजून ओला होता, म्हणून मला तसंच ठेवून तो गेला. आणि तो गेल्यावर मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला, उद्या अध्यक्षांना बाहेरगावी जायचंय, तपासणी आजच, आपण निघालोच आहोत.

आता मित्रांनो, नीट ऐका, कारण घात इथे झाला. ममतानं घाईघाईनं शामला फोन लावला. ते बोलणं नंतर दोघांनी माझ्याशेजारी बसून इतक्यांदा उगाळलं की मला पाठ आहे.

"अहो, झाकण लावलं ना?" ममतानं विचारलं.

तिकडे इंजिन घरघरत होतं. शामला ऐकू आलं, "झाकणाला लावलं ना?"

"लावलं, लावलं!" तो ओरडून म्हणाला. "दोन हात लावले. मस्त दिसून राह्यलं."

तो रंगाचे हात सांगत होता. ममताला फक्त 'लावलं' ऐकू आलं. बाकीचं इंजिनानं खाल्लं. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि चहाचं आधण ठेवलं.

इतक्यात शेजारच्या कोकिळाबाई फाटकातून आत आल्या. त्या मंडळातही आहेत आणि ममतावर त्यांची मायाही आहे. यंदा राठोडांना तोरण मिळालंच पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या काखेत हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताची चटई होती.

"अवं ममता! हे फ्लेक्स कायले टाकलं वं इथं? कसं दिसते ते! ओला रंग झाकला का?" त्यांनी खिडकीतून विचारलं. "मी आमची चटई टाकतो याच्यावर. लॉनवानी दिसन, पाह्य."

"टाका ना ताई," आतून ममता म्हणाली. झाकण तर लावलेलं होतं ना!

कोकिळाबाईंनी विटा उचलल्या आणि कूलरमागे आणून रचल्या, माझ्या अगदी पायाशी. त्यांची बांगडी माझ्या कडेला लागली. मला वाटलं, आता बघतील. पण त्यांचं लक्ष चटईत होतं. त्यांनी ती ताणून अंथरली आणि दोन कोपऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या. आपलीच चटई मळू नये म्हणून त्या कडेकडेनं फिरल्या. मधे पाय ठेवला नाही.

अंगण खरंच सुंदर दिसत होतं. इतकं सुंदर ते कधीच दिसलं नव्हतं. हिरवंगार गवत, पिवळी शेवंती, आणि कुठेही गंज नाही. मी भिंतीला टेकून ते पाहत होतो आणि मला हात नव्हते, तोंड नव्हतं. ऊन उतरायला लागलं, तसा मी आकसलो आणि 'टक्' असा आवाज झाला. मी पुन्हा 'टक्' केलं. कोणी ऐकलं नाही. दाबून पाहिल्याशिवाय माझा आवाज कोण ऐकणार?

फाटक वाजलं. घनश्यामभाऊ दोघातिघांना घेऊन आले. त्यांच्या हातात तोरण होतं. ममता चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिच्या मागून, उघड्या दारातून, बबी आली. तिच्या दोन्ही मुठींत बिस्किटं होती आणि तोंड गच्च भरलेलं होतं. चंदाबाई निळी साडी नेसून पायरीच्या कोपऱ्यात बसली होती. ठरल्याप्रमाणे मुकी.

"वा, वा! लॉन लावला काय राठोडबाई?" घनश्यामभाऊ म्हणाले आणि त्यांनी बूट उचलला.

"अवो भाऊ, जोड्यानं नोका! चटई माही हाय," कोकिळाबाई ओरडल्या. सगळे हसले. घनश्यामभाऊंनी हसत पाय मागे घेतला.

ममताही हसली. तिनं ट्रे कठड्यावर ठेवला आणि सवयीनं चटईकडे वळली. तिची टाच उचलली गेली. मी म्हणालो, टेकव. एकदाच टेकव, माय.

"ही नाली पुढे कुठं काढली तुमी?" घनश्यामभाऊंनी विचारलं.

टाच चटईवर न टेकता बाजूलाच खाली आली. ती नाली दाखवायला वळली.

आणि तेव्हा चटईच्या खालून आवाज आला.

"आव."

लहान पोरीचा. ओला.

कोकिळाबाई फाटकाकडे वळून म्हणाल्या, "आली, आली! कोन अवं म्हनून राह्यलं?" आपल्या वऱ्हाडात बाईला हाक मारताना अवं म्हणतात, त्यांना तेच वाटलं. फाटकात कोणी नव्हतं. घनश्यामभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांना तो नुसता एक आवाज वाटला, मांजराचा म्हणा, पाइपाचा म्हणा.

बबीचा चेहरा उजळला. घास कसाबसा गिळून ती म्हणाली, "याडी, खालची बबी!" आणि दोन्ही मुठी पुढे करून ती गवताकडे धावली.

कोपऱ्यातली चंदाबाई उठून उभी राहिली. मराठी नाही, गोरबोली नाही, कसलाच विचार तिनं केला नाही. ती फक्त म्हणाली, "ममता. टाकं बोललं."

ममता गर्रकन वळली. झाकण लावलं की आवाज येत नाही. हे तिनंच सासूला कितीदा सांगितलं होतं.

आवाज आला होता.

मी आजवर खूप माणसांची पावलं ओळखली, पण ममताचं ते पाऊल मला ओळखू आलं नाही. ती धावली की पडली, मला सांगता येणार नाही. बबीचा एक पाय गवतावर पडला आणि गवत खाली बसलं, वरून दाबलेल्या उशीसारखं. त्याच वेळी ममताच्या मुठीत फ्रॉकचा मागचा घोळ आला. दोघी मागे आपटल्या. शेवंतीची एक कुंडी घरंगळली. चटई मधोमध दुमडली आणि जीभ आत ओढून घ्यावी तशी टाक्याच्या तोंडात सरकन गेली. मागोमाग कुंडी. मग डुबुक. मग काहीच नाही.

सगळे कडेला आले. काळ्या पाण्यावर तो फ्लेक्स हळूहळू उलगडत होता. टोपी घातलेली बबी पाण्यातून वर बघून हसत होती. मग तिच्या एका गालावरून पाणी चढलं, मग दुसऱ्या, आणि ती खाली गेली.

बबीनं आधी रडायला सुरुवात केली, तिची बिस्किटं पडली होती म्हणून.

"मीच अंथरली वं," कोकिळाबाई मटकन खाली बसल्या. "ह्या हातानं विटा उचलल्या मी..."

ममतानं बबीला सासूच्या कडेवर दिलं. ती उठली, कूलर बाजूला लोटला आणि मला धरलं. मला उचलताना शामलासुद्धा धाप लागते. ती एकटीच ओढू लागली, तशा कोकिळाबाई रडत रडत दुसऱ्या बाजूला आल्या. माझा रंग ओलाच होता. दोघींचे पंजे लाल झाले. त्यांनी मला फरफटत आणलं आणि टाक्याच्या तोंडावर टाकलं. चंदाबाई बबीला घेऊन पुढे आली आणि तिनंही एक हात माझ्यावर दाबून ठेवला.

मग ममतानं टाच टेकवली.

"टक्," मी म्हणालो.

तेव्हा कुठे ती रडली.

घनश्यामभाऊ माझ्याकडे बघत होते. "मागच्या साली मीच याला..." एवढंच ते बोलले. मग अचानक म्हणाले, "आमच्या टाक्याचं झाकण कोणी पाहिलं का रे अलीकडे?" आणि तोरण तिथेच कठड्यावर विसरून ते जवळजवळ पळतच घरी गेले. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. त्या संध्याकाळी पळसबागेत घरोघरी धाड धाड आवाज येत होते. लोक आपापली झाकणं उघडून बंद करून पाहत होते.

ते तोरण चंदाबाईनं माझ्या कडीला बांधलं. दुसऱ्या दिवशी तिचा आरशांचा घागरा अंगणात मधोमध वाळत होता. तो ममतानंच घातला होता. बबीनं आईला मम्मी म्हणून हाक मारली, तर ममता म्हणाली, "याडी म्हण."

शामनं मला परत रंगवायचं म्हटलं. ममतानं नाही म्हणून सांगितलं. त्यानं दिलेल्या दोन हातांवर त्या बायकांचे पंजे उमटले आहेत, ते तसेच आहेत. बिजागऱ्या मात्र नव्या घातल्या आणि कुलूपही लावलं. किल्ली ममताच्या मंगळसूत्राला असते.

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. पण एक राहिलंय.

त्या संध्याकाळी ममता माझ्याशेजारी बसली होती. तिनं बबीला मांडीवर घेऊन विचारलं, "बबी, तूच आव म्हटलं होतं ना आधी? मग तिकडून आलं ना?" बबी खेळत राहिली. "म्हटलंच असन," ममता स्वतःशी म्हणाली. "त्याशिवाय कसा येईन?" तिनं सासूकडे पाहिलं.

चंदाबाईनं माझ्यावर तळहात टेकवला. मग म्हणाली, "खालची आव म्हनली हे खरं. पोरीले म्हनली का तुले म्हनली, ते कोनाले मालूम?"

मित्रांनो, तो आवाज आला तेव्हा मी समोरच होतो. स्टँडच्या फटीतून मला बबी स्वच्छ दिसत होती. तिचं तोंड बिस्किटांनी भरलेलं होतं आणि ओठ मिटलेले होते. तिनं हाक मारली नव्हती. कोणीच मारली नव्हती.

ती हाक न्यायला आली होती की वाचवायला, हे मला अजून कळलेलं नाही. आताही दुपारी अंगण शांत झालं की माझ्या पोटाला तो शब्द लागतो. मी तो दाबून धरतो. पण मी लोखंड आहे, मित्रांनो. मला गंज चढतो. माझ्या बिजागऱ्या झिजतात. मला तेल द्या, कधीमधी घासा, आणि सुंदर दिसावं म्हणून माझ्यावर काही अंथरू नका. मी दिसलो पाहिजे. लावलं का म्हणून कोणाला फोनवर विचारू नका, स्वतः येऊन टाच टेकवा. मी 'टक्' म्हणेन.

आणि कधी अंगणात एकटे असताना खालून कोणी तुम्हाला हाक मारली, तर ओ देऊ नका. जागचे हलू नका. आईला बोलवा, आणि मी माझ्या जागेवर आहे का, ते तिला बघायला सांगा.